आमुशाला सायकल जुंपू नये

दर अमावस्येला आमच्या कचेरीचं टपाल तास-दीड तास उशिरा पोचायचं. नव्या साहेबांच्या हे चार महिन्यांनी लक्षात आलं आणि त्यांनी लिंबाजीमामांकडून लेखी खुलासा मागवला. मामा आमचे शिपाई. अक्षरओळख अंगठ्यापुरती, म्हणून खुलासा त्यांनी सांगायचा आणि मी लिहायचा असं ठरलं. मामा म्हणाले, "लिवा. आमुशाला जनावर जुंपायचं नसतंय." पुढं काही सांगेनात. मी तेवढंच लिहिलं, खाली अंगठा घेतला आणि कागद आत पाठवला.

साहेबांनी मला बोलावून विचारलं, "हे जनावर म्हणजे कोण?"

मी खिडकीतून बाहेर बोट दाखवलं. आवारातल्या लिंबाखाली अंबाडीच्या दाव्यानं बांधलेली एक काळी सायकल उभी होती. अमावस्येला मामा तिला बरोबर घेऊनच टपाल वाटायला जात, पण तिच्यावर बसत नसत. दोघं चालत जात.

मामा जिंतूरच्या पुढच्या एका खेड्यातले, मेंढरं आणि थोडी कोरडवाहू जमीन असलेल्या घरातले. पन्नाशीला टेकलेले, धोतरावर खाकी कोट, खांद्यावर रुमाल. मी नगरकडचा. माझी परभणीला बदली झाल्याचं कळताच चौघांनी 'बनी तो बनी, नहीं तो परभणी' ही म्हण ऐकवली होती, त्यामुळे मी गाडीतून उतरलो तोच तोंड वाकडं करून. मामांचं उलट. त्यांच्या लेखी परभणी म्हणजे मुंबईच्या खालोखाल. "लय मोठं शहर हाय, भाऊसाहेब," ते मला म्हणाले. "हितं पायी टपाल वाटाया निगालं तर मानूस दुसऱ्या दिवशी माघारी यील." म्हणून सायकल घ्यायचं ठरलं. मी बरोबर गेलो, कारण सायकलीतलं मला कळतं असा माझा समज होता.

करीमभाईंच्या दुकानात मामांनी आधी सगळ्या सायकलींसमोरून एक फेरी मारली. मग एका काळ्या सायकलीपाशी थांबले. तिच्या सीटवरून हात फिरवला. साखळीच्या चाकाचे दाते बोटानं मोजले आणि "जुळलेलं हाय, समदे दात आल्यात, वासरू न्हाई" असा निर्वाळा दिला. करीमभाईंना ती रस्त्याच्या टोकापर्यंत फिरवून आणायला लावली आणि आपण उकिडवे बसून चाल बघितली. म्हणाले, "मागल्या पायात लंगडायलंय." करीमभाईंनी चाक तपासलं तर दोन आऱ्या खरंच ढिल्या होत्या. त्यानंतर करीमभाईंनी सायकलीबद्दल माझ्याशी बोलणं सोडून दिलं.

किमतीची वेळ आली तेव्हा मामांनी खांद्यावरचा रुमाल काढून आपल्या उजव्या हातावर पसरला आणि तो हात करीमभाईंपुढं धरला. बैलबाजारात सौदा असा होतो. रुमालाखाली हातात हात घ्यायचा, बोटं दाबून आकडा सांगायचा, तोंडातून अक्षर काढायचं नाही.

करीमभाई म्हणाले, "मामू, भाव उप्पर लिख्या है देखो. ये सायकल है, बैल नक्को समझो."

"भाव चारचौघांत बोलू नाई," मामा खालच्या आवाजात म्हणाले. "ऐकायलंय ते. आपली किंमत ऐकून मुकं जनावर खट्टू हुतंय."

करीमभाईंनी एकदा सायकलीकडं पाहिलं, एकदा माझ्याकडं, आणि मुकाट्यानं रुमालाखाली हात घातला. सौदा कितीला झाला हे तिसऱ्या माणसाला अजून माहीत नाही. कचेरीतल्या सगळ्यांनी विचारून पाहिलं. खूश होऊन करीमभाईंनी एक कुलूप-साखळी वर देऊ केली, ती मामांनी परत केली. "दावं इकणाऱ्याकडंच ऱ्हातंय. तुमच्या दावणीची बरकत आमी कामून न्यावी?" असं म्हणून त्यांनी पिशवीतून स्वतःचं दावं काढलं. ते घरून निघतानाच घेऊन आले होते.

मामा सायकल चालवायला शिकले तो अध्याय मी गाळतो. त्यात गुडघे माझे फुटले.

चढ आला की मामा उतरत, कारण चढाला ओझं घालू नये. उन्हात ती उभी राहिली तर त्यांचा जीव खालीवर होई. पण सगळ्यात चमत्कारिक गोष्ट अशी की मामा तिला एकटी उभी करत नसत. रोज सकाळी ते मी येईपर्यंत तिचं हँडल धरून थांबत. माझी सायकल लिंबाखाली लागली की शेजारी, हँडलला हँडल भिडवून, आपली बांधत. मी रजेवर असलो तर दिवसभर पाण्याच्या निमित्तानं बाहेर चकरा मारत. साहेबांना त्या काळात फार पाणी प्यावं लागे.

एकदा मी वैतागून विचारलं, "मामा, एकटी राहिली तर काय होतं तिला?"

"भावाभावात वाटणी झाली आमच्यात," मामा म्हणाले. "जोडीतला एक बैल त्येला, एक मला. माजा आठ दिस वैरणीला तोंड लाविना. मंग मी त्यो बी भावाच्याच दावणीला बांदून आलो. जोडी तर ऱ्हाऊ दे."

"आणि तुम्ही?"

"मी काय, नोकरीला लागलो."

मामांची बायको लग्नानंतर चार-पाच वर्षांत गेली आणि मूलबाळ नाही, हे मला पुढं दुसऱ्याच शिपायाकडून कळलं. मामा स्वतःचं काही सांगत नसत. सायकलीचं मात्र सगळं सांगत.

पोळ्याच्या आदल्या दिवशी ते खांदेमळणीला तूप-हळद घेऊन येत. दोन्ही सायकलींच्या हँडलांना चोळत आणि, "आज आवतण घ्या, उद्या जेवाया या," असं दोघींना रीतसर सांगत. दुसऱ्या दिवशी बैलाच्या शिंगांना लावतात तसा हँडलाला हिंगूळ, बेगड आणि समोर पुरणपोळी. माझ्या हातांना पुढचे आठ दिवस तुपाचा वास यायचा आणि आवक-जावक रजिस्टरावर पिवळी बोटं उठायची. मी रागावलो की मामा म्हणत, "जरा सबर करा. वरसाचा सण हाय त्येंचा."

विद्यापीठाच्या नामांतराच्या वादात एकदा सगळं बंद झालं. एसटी बंद, दुकानं बंद, माझी खानावळही बंद. त्यातच मला सडकून ताप भरला. खोलीवर मी एकटाच. तिसऱ्या दिवशी बाहेर घंटी वाजली. मामा दारात, हातात सायकल.

"तीन दिस जोडीदार दिसंना," ते म्हणाले. "खाईना झालंय. म्हून आनलं."

मी म्हटलं, "मामा, सायकल आहे ती." त्यांनी ते ऐकून घेतलं आणि ओट्यावर माझ्या सायकलीशेजारी तिला बांधलं. मग पिशवीतून मुगाचं कढण आणि मऊ भाकरी काढून माझ्या उशाशी ठेवली. कुणासाठी आणली ते बोलले नाहीत. असे चार दिवस ते आले. मला एकदाही 'ताप कसा आहे' असं विचारलं नाही. ओट्यावर बसून सायकलीला विचारत, "आज बरं हाय का?" आणि मी आतून "बरं आहे" म्हणत असे. ताप उतरला त्या दिवशी मला या माणसाची इतकी माया वाटली की मी आपण होऊन त्यांच्या सायकलीला फडकं मारलं. ते मामांनी पाहिलं.

सहा वर्षांनी माझ्या बदलीचा कागद आला. लातूर. मामांनीच तो टपालातून आणून टेबलावर ठेवला. मी वाचून दाखवला. त्यांनी एकच विचारलं, "ते बी जायलंय का?"

"सायकल? हो, टेम्पोत टाकून नेईन."

"बरं," म्हणाले आणि गेले.

दुसऱ्या दिवशी पाहतो तर मामांची सायकल माझ्या सायकलीपासून हातभर लांब. तिसऱ्या दिवशी दोन हात. आठवड्यानं ती लिंबाची सावली सोडून पार भिंतीशी गेली, उन्हात. मी विचारलं, तर मामा माझ्याकडं न बघता म्हणाले, "सवय लावायलोय. एकदम तोडलं की खाईना हुतंय."

मी कागदांत मुरलेला कारकून, कुणाच्या जाण्यायेण्यानं हळवा होणारा माणूस नव्हे. पण त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. लातूरला जाऊन मी स्कूटर घेणारच होतो. ही सायकल मी केवळ कंजूषपणानं नेत होतो, ते मला स्वतःशी कबूल करावं लागलं.

निघायच्या दिवशी लिंबाखाली गेलो आणि म्हटलं, "मामा, माझीही तुम्हीच ठेवा. मला पैसे नकोत, फुकट..."

"हळू बोला की," मामांनी मला जवळजवळ दटावलं. "ऐकायलंय ते."

त्यांनी खांद्यावरचा रुमाल काढला, हातावर पसरला आणि माझ्यापुढं धरला. मी खाली हात घातला. मला बोटांची भाषा येत नाही. कोणतं बोट म्हणजे किती, काही ठाऊक नाही. मी वाट बघत राहिलो. पण मामांनी एकही बोट दाबलं नाही. नुसता माझा हात धरला, घट्ट, आणि भिंतीशी उन्हात उभ्या असलेल्या आपल्या सायकलीकडं बघत राहिले. टेम्पोवाल्यानं दोनदा भोंगा वाजवला.

"जमलं?" शेवटी मी विचारलं.

"जमलं," मामा म्हणाले. त्यांनी रुमालानं तोंड पुसलं, जरा जास्तच वेळ पुसलं. मग माझ्या सायकलीची कुलूप-साखळी काढून माझ्या हातात दिली. इकणाऱ्याचं दावं इकणाऱ्याकडं. नंतर भिंतीशी जाऊन आपली सायकल सोडली आणि सावलीत आणून माझ्या सायकलीच्या हँडलाला हँडल भिडवून बांधली.

साहेब हे सगळं खिडकीतून बघत होते. त्यांनी हाक मारून विचारलं, "काय हो, कितीला दिली?"

मी म्हटलं, "हळू बोला साहेब. ऐकतंय ते."