बरणीतला पावणा

इंगवले सरांच्या शोकसभेत फोटोशेजारी अमेरिकेचा बेडूक ठेवायचा, असं प्राचार्यांनी ठरवलं आणि प्राणिशास्त्राचा शिपाई जोतीराम पेचात पडला. सरांनी परदेशातून आणलेला तो स्पेडफूट, म्हणजे टाचेला खोरं असलेला बेडूक, कॉलेजचं भूषण होता. फक्त बरणीतला बेडूक अमेरिकेचा नव्हता. तो कागलचा होता.

अठरा वर्षांपूर्वी खंडेनवमीला जोतीरामनं सूक्ष्मदर्शकांना हळदकुंकू वाहिलं. अमेरिकेच्या पावण्याला तरी का वगळा म्हणून बेडकाच्या बरणीलाही झेंडूची माळ घातली. माळ नीट करायला ओढली, तशी बरणी फरशीवर आली आणि काचांत पावण्याच्या चिंध्या झाल्या. नोकरी तेव्हा कच्ची होती. त्यानं कागलच्या आपल्या शेतातला, तसाच टाचेनं माती उकरणारा बेडूक खणून आणला, नव्या बरणीत बसवला आणि जुनंच लेबल चिकटवलं. सर एवढंच म्हणाले, "लेबल मळलंय. नवं मी लावतो."

निभावलं, असं जोतीरामला वाटलं. पण सरांनी ती बरणी पुन्हा वर्गात नेली नाही. फळ्यावर चित्र काढून सांगायचे, "दोघांच्या हातात खोरं असलं म्हणून भावकी एक होत नाही. बेडकांचंही तसंच." ते ऐकून दरवेळी जोतीराम वर्गाबाहेर सटकायचा. सर एकटे राहायचे, दर रविवारी त्याला चहाला बोलवायचे. विषय निघेल या भीतीनं तो एकदाही गेला नाही. शेवटी सर आजारी पडले तेव्हा दवाखान्याच्या फाटकापर्यंत गेला आणि तिथूनच परतला.

"साहेब, शोकसभेत बेडूक बरं दिसत न्हाय," त्यानं प्राचार्यांना सांगून पाहिलं.

"मग काय झुरळ ठेवू?"

त्यात सरांची विद्यार्थिनी पूर्णिमा येणार होती, आणि तिचा अभ्यास बेडकांचाच. जोतीरामनं बेडकाचं तोंड भिंतीकडे केलं. प्राचार्यांनी ते सभेकडे वळवलं. मग त्यानं पाण्यात बुडवून आणलेली जाडजूड माळ बरणीला घातली. नुसतं झाकण तेवढं दिसत राहिलं.

पूर्णिमा आली ती थेट बरणीपाशी. "मामा, फुलं काढा की जरा."

"ऱ्हाऊ द्या की म्याडम. पावणा हाय."

पूर्णिमानं स्वतःच माळ उचलली आणि डोळे बरणीला लावले. "मामा, स्पेडफूटच्या डोळ्यातली बाहुली मांजरासारखी उभी असते. ह्याची आडवी हाय. हा त्या कुळातला न्हायच, हा आपल्याकडचा!"

जोतीरामनं हात जोडले. "सरांचं नाव घालवू नगा. सगळं मी केलंय."

ओल्या माळेसोबत लेबलही सुटून आलं होतं. ते दुहेरी घडीचं होतं. आत सरांचं बारीक अक्षर होतं. पूर्णिमानं हळू आवाजात वाचलं, "मूळ नमुना खंडेनवमीला फुटला. कपाटाखाली झेंडू सापडला. हा बेडूक कागलचा, कूळ वेगळे. जोतीराम आपणहून सांगेपर्यंत विचारू नये. चहाला बोलवत राहावे."

जोतीरामला रडू आवरेना. अठरा वर्षांचे रविवार त्याच्या डोळ्यांपुढून गेले. एका चहाच्या कपाला तो भीत राहिला होता.

"सरांच्या भावकीतलं कोणी बोलणार आहे का?" प्राचार्यांनी माइकवरून विचारलं. कोणीच उठलं नाही.

जोतीराम उठला. ओली माळ हातात तशीच होती. तो माइकपाशी गेला, पण बोलला फोटोकडे बघून.

"सर, बरणी माझ्याकडनं फुटली."