क्लाइव्ह पेन्फोल्डचे टाय रॉड

“टाय रॉडच ना? घरच्या घरी बदलतो मी!” असं क्लाइव्ह पेन्फोल्ड बायकोला म्हणाला तेव्हा तो पूर्ण शुद्धीवर होता. एवढं एक वाक्य त्याने गिळलं असतं तर पुढचं सगळं रामायण टळलं असतं. पण जन्मभर विमा कंपनीत बसून दुसऱ्यांच्या अपघातांचे कागद हलवलेल्या माणसाला निवृत्तीनंतर स्वतःच्या हाताने काहीतरी करावंसं वाटतं. (अपघात धरून.)

गाडी म्हणजे जुनी, हिरवी, दोन माणसांची स्पोर्ट्स कार. छप्पर कापडी, तेही पावसाला घरचा माणूस समजून आत घेणारं. स्टेअरिंग फिरवलं की पुढची चाकं ज्या दोन दांड्यांमुळे वळतात ते हे टाय रॉड. ते इतके खिळखिळे झाले होते की गाडी डावीकडे न्यायची तर आधी तिची समजूत घालावी लागे. कित्येक हिवाळे ती घरापुढे ताडपत्रीखाली पडून होती. क्लाइव्हचा तिच्यावर जीव होता. बायकोचा, म्हणजे मॉरीनचा, नव्हता.

“रविवारी दुपारपर्यंत ही आपल्या चाकांवर फाटकाबाहेर गेली पाहिजे,” मॉरीनने बजावलं. “नाहीतर टेरी ट्रेलर घेऊन येतोय. त्याला गिऱ्हाईक मिळालंय.”

टेरी म्हणजे तिचा भाऊ.

“तुझ्या भावाला गिऱ्हाईक बरं मिळतं,” क्लाइव्ह म्हणाला. “फक्त स्वतःच्या वस्तूंना मिळत नाही.”

शनिवारी त्याने गाडीचं नाक जॅकने उचलून लोखंडी घोड्यांच्या टेकूवर ठेवलं आणि कामाला लागला. जुना सांधा काही केल्या सुटेना. क्लाइव्हने त्याला तेल पाजलं, हातोड्याने ठोकलं, शेवटी शिव्या दिल्या. शिव्या लागू पडल्या. सांधा असा काही सुटला की हातोडा गुलाबाच्या ताटव्यात आणि क्लाइव्ह पाठीवर.

आता खरी मेख मोजण्यात होती. जुना दांडा जितके आटे फिरवून काढला, तितकेच आटे फिरवून नवा बसवायचा, म्हणजे चाकं सरळ राहतात. क्लाइव्ह मनापासून मोजत होता. पण फाटकापाशी थांबलेल्या माणसाशी हवापाण्यावर दोन शब्द न बोलणं म्हणजे त्या इंग्लिश खेड्यात वाळीत पडायची तयारी.

“छान ऊन पडलंय!” शेजारच्या मिसेस ऑकेन्डन म्हणाल्या.

“पडलंय खरं!” क्लाइव्ह म्हणाला, आणि आकडा गेला.

दुसऱ्या बाजूचा दांडा काढताना पाद्रीबाबा आले. त्यांच्या मते संध्याकाळी पाऊस होता. तोही आकडा वाहून गेला. मग क्लाइव्हने अंदाजाने दांडे बसवले, चाकं चढवली आणि लांबून पाहिलं. एक चाक चर्चकडे बघत होतं आणि दुसरं दारूच्या गुत्त्याकडे.

रविवारी सकाळी तो दांडे जखडून ठेवणारे चेकनट पुन्हा ढिले करायला गाडीखाली शिरला; पोटापासून खाली तेवढा बाहेर राहिला. नेमकी त्याच दिवशी गावात बुजगावण्यांची स्पर्धा होती. दर उन्हाळ्यात तिथले लोक जुन्या कपड्यांत पेंढा भरून घरापुढे बुजगावणी मांडतात, आणि आसपासच्या गावांतून माणसं ती बघायला येतात. मॉरीन समितीवर होती. पहाटेच चहाचा तंबू सांभाळायला गेली होती. जन्मात तिला कधी बक्षीस मिळालं नव्हतं. ते दरवर्षी मिसेस ऑकेन्डन नेत.

“अय्या, हे बघ!” फाटकाशी एक बाई ओरडली. “घरी गाडी दुरुस्त करणारा नवरा! पाय किती हुबेहूब केलेत!”

“आणि चाकं बघ, एक इकडे, एक तिकडे!” तिचा नवरा पोट धरून हसला. “डोकं आहे हं बनवणाऱ्याला.”

क्लाइव्हने ‘नमस्कार’ म्हणायला तोंड उघडलं होतं. पण अर्धा क्षण उशीर झाला. आता मध्येच बोलावं तर त्या भल्या माणसांना किती ओशाळवाणं होईल! ती गेली की बोलू, असं ठरवून तो निपचित पडून राहिला. ती जायच्या आत दुसरी आली. मग गर्दीच झाली. एकाने फोटो काढला, एका कुत्र्याने बूट हुंगून नापसंत केला. पाना हातात होता, चेकनट नाकासमोर होता, आणि त्याला बोट हलवता येत नव्हतं. ‘माफ करा, मी खरा आहे,’ हे वाक्य त्याने मनात घोळवून पाहिलं. त्याचं त्यालाच पटेना.

चर्चची दुपारची घंटा झाली. पाठोपाठ ट्रेलरची खडखड ऐकू आली, आणि त्या तेलकट अंधारात क्लाइव्हने मनातल्या मनात गाडीचा निरोप घेतला. गाडी गेली. तीही त्याच्या सभ्यपणापायी.

“चल गं, चढवू या,” टेरीचा आवाज आला. मॉरीनला तो चहाच्या तंबूतून घेऊनच आला होता. “क्लाइव्ह कुठंय?”

“थांबा! हात लावू नका!” हा आवाज परीक्षक मिस ग्रिन्स्टेडबाईंचा होता. जन्मभर शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या. टेरीचे हात आपोआप मागे गेले. “पहिला नंबर! मॉरीन, अभिनंदन! नियम तुला ठाऊकच आहे. पहिलं आलेलं बुजगावणं पुढच्या रविवारपर्यंत जागचं हलवायचं नाही.”

मॉरीनने त्या पायांकडे पाहिलं. तपकिरी मोजे तिनेच विणले होते. तिने लाल फितीकडे पाहिलं. मग कुंपणापलीकडच्या मिसेस ऑकेन्डनच्या पडलेल्या चेहऱ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं.

“टेरी, ट्रेलर परत ने,” ती म्हणाली.

“अगं पण गिऱ्हाईक...”

“नियम म्हणजे नियम!”

फीत बांधायच्या निमित्ताने ती गाडीपाशी वाकली. “हलू नकोस,” ती कुजबुजली. “चहा आणते.”

“आणि गाडी?” खालून पुटपुट आली.

“राहू दे मेली. इतका वेळ पडून राहिलास तिच्यासाठी.” तिचा आवाज ओला झाला होता, आणि हसूही आवरत नव्हतं.

मिस ग्रिन्स्टेडबाईंनी निघता निघता काठीने क्लाइव्हचं पोट चाचपलं.

“पेंढा जरा जास्त झालाय,” त्या म्हणाल्या. “आणि पुढच्या वेळी चाकं थोडी सरळ लाव. विनोद ठीक आहे, पण इतका ठोंब्या माणूस खरा वाटत नाही.”

“मलाही सुरुवातीला वाटला नव्हता,” मॉरीन म्हणाली. “मग सवय झाली.”