हरणाऱ्यांचे वजन

निवडीत वशिला चालतो, अशी तक्रार आल्याने हर्सूल रोड टेनिस मंडळाने राज्य स्पर्धेसाठीची निवड यंदा गणितावर सोपवली. चिकलठाण्याच्या एका कंपनीत डेटा सांभाळणाऱ्या विश्वजितने पद्धत समजावली. प्रत्येक खेळाडू म्हणजे एक ठिपका. हरणाऱ्याकडून जिंकणाऱ्याकडे एक बाण. हरणारा जितका वजनदार, तितके जास्त वजन त्या बाणावरून पुढे जाते. अशा बाणांच्या जाळ्यात माणसाला ढवळाढवळ करता येत नाही.

जागा एकच होती. ती हिमांशूची, याबद्दल कुणाला शंका नव्हती. पुढच्या महिन्यात तो नोकरीवर रुजू होणार होता. ही शेवटची संधी.

निकाल लागला. हिमांशू तिसरा. दुसरे, मंडळाचे आश्रयदाते, सरकारी कचेरीतले बडे साहेब. पहिले, साहेबांचे मुंबईचे वरिष्ठ.

"हे कसं काय?" हिमांशूने विश्वजितला विचारले.

"तू सगळ्यांना हरवलंस आणि दर रविवारी साहेबांकडून हरलास. तुझं वजन तिकडं गेलं. साहेब एकदाच हरले, वरिष्ठ तपासणीला आले तेव्हा."

"वरिष्ठांचा गुडघा बदललाय."

"गुडघ्याचा रकाना नाही. साहेबांना हरव, त्यांचं वजन तुझ्याकडं वळेल. नाव पाठवायला एक रविवार आहे अजून."

साहेबांसमोर हरायचे, हा शिष्टाचार प्रशिक्षक वैजनाथ सरांचा. कोर्टावरचे दिवे त्यातूनच आले होते.

"सर, या रविवारी मी खेळतो."

"रोज खेळतोसच की."

"खरं खेळतो."

सरांनी रॅकेटच्या तारा चाचपल्या. "लई तर लई, दिवे जातील. दिवसाउजेडी खेळू."

हिमांशूने साहेबांना ६-०, ६-० हरवले. साहेबांनी हात मिळवत आपुलकीने विचारले, "बरं नाही का वाटत आज तुला?"

विश्वजितने निकाल भरला. संगणकाने तो फेटाळला : आजवरच्या सर्व सामन्यांशी विसंगत, सबब नोंदीची चूक समजण्यात यावी.

"तीन प्रेक्षकांनी दुजोरा दिला, तर धरतो," विश्वजित म्हणाला.

कोर्टाशेजारच्या कट्ट्यावर त्या सकाळी चाळीसेक जण होते. हिमांशू एकेकाला भेटला. कुणी तेव्हा बुटाची नाडी बांधत होते, कुणी चहा आणायला गेले होते. वरिष्ठांचे नाव राज्य मंडळाकडे रवाना झाले. निःपक्षपाती निवडीबद्दल मंडळाचा सत्कार आहे.

कट्ट्यावर आपणही होतात. आपली फाईल साहेबांच्या टेबलावर आहे हे ठाऊक असल्याने हिमांशू आपल्याकडे आलाच नाही.