भास्करकाकांचा फायदा

आमचे शेजारी भास्करकाका कुणाचंही भलं करायच्या आधी त्यात आपला फायदा काय, ते सांगून टाकतात. बरकतपुऱ्यातल्या आमच्या इमारतीला लिफ्ट नाही. चौथ्या मजल्यावरच्या रेड्डीगारूंची भाजी हेच वर नेऊन देतात. का, तर जिना चढला की शुगर उतरते. रेड्डीगारूंचं ऑपरेशन झालं तेव्हा दिवसभर दवाखान्यात बसले. तिथला एसी फुकट, बिल भरणारे रेड्डी!

हे ऐकून कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्यानं त्यांना फरिश्ता म्हटलं. काका चिडलेच.

"पक्का मतलबी आदमी हूँ, मियाँ. खाली-पीली फरिश्ता नक्को बनाओ."

माझ्या आईचा गुडघा बदलल्यापासून ते रोज संध्याकाळी तिला हात धरून खाली उतरवतात आणि गल्लीत फिरवून आणतात. त्यातही यांचा फायदा आहेच. एकट्याला कुत्री भुंकतात म्हणे. काठीवाली बाई सोबत असली की वचकून असतात. फिरताना दोघं कडाकडा भांडतात. वरणाला चिंच की आमसूल, हा वाद अजून मिटलेला नाही.

यंदा माझ्या दादानं आईला कायमचं पुण्याला न्यायचं ठरवलं. आई अडून बसली, तर तिची समजूत घालायला काकाच पुढे. तिकडे लिफ्ट आहे, नातवंडं आहेत, व्यायाम करून घेणारी बाई घरी येते, असं घोकून आल्यासारखं सांगत होते.

आईनं शांतपणे विचारलं, "भावजी, मी गेले तर तुमचा काय फायदा?"

काका चष्मा पुसत बसले. बराच वेळ पुसला.

"काही नाही वहिनी, तोटाच आहे. सून तेलुगू बोलते, नातू इंग्रजी. दोघंही चांगली आहेत, तक्रार नाही. पण आमची ही गेल्यापासून मराठीत भांडायला तुम्हीच तेवढ्या उरलात. ते असू द्या. तुमचा गुडघा महत्त्वाचा."

आई उठून चहा टाकायला गेली.

दुसऱ्या दिवशी तिनं दादाला फोन केला. पुण्याची थंडी मला सोसायची नाही, इथं माझं सगळं सोयीचं आहे, मी येत नाही, असं सांगून मोकळी झाली.

दादा माझ्यावर वैतागला. आई म्हातारपणी फार स्वार्थी झालीय, फक्त स्वतःचं बघते, म्हणाला.

मी म्हटलं, हो रे, झालीय खरी.