सेलरीच्या वाफ्यात मालन

सेलरीची रोपं घरातून बागेत हलवताना ट्रेवर ज्याचं नाव असेल, त्या माणसालाही त्यांच्याबरोबर लावतात. पाचगणीत हा नियम सगळ्यांना माहीत आहे, आणि तरीही एका ट्रेवर बायकोचं नाव लिहायचा शहाणपणा मी केला.

झालं असं, की आम्ही दोघांनी खिडकीत एकेक ट्रे ठेवला होता. कुणाचं बी आधी उगवतं, यावर पैज. अदलाबदल नको म्हणून मी चिठ्ठ्या चिकटवल्या: ‘मालन’ आणि ‘वसंत’. सेलरीचं बी खसखशीसारखं बारीक. मालननं ते ओल्या मातीवर नुसतं भुरभुरवलं. मी अतिशहाणा, वर बोटभर माती लोटली. तिची रोपं तीन आठवड्यांत वर आली. माझ्या ट्रेत बुरशी आली.

रोपं चार बोटं वाढल्यावर लागवड निरीक्षक इंगवले आले. त्यांनी रोपं मोजली, मग मालनची उंची घेतली.

“आठ दिवस बाहेरची सवय करा. आज एक तास, मग रोज एकेक वाढवा. पाणी कमी द्या. दोघांनाही.”

“साहेब, हिच्याऐवजी मी जातो.”

“तुमचं काही उगवलंय का?”

मी माझा बुरशीचा ट्रे खिडकीच्या पडद्याआड सरकवला.

पहिल्या दिवशी मालन रोपांशेजारी अंगणात बसली आणि रडली. “अहो, मला आत घ्या ना!” वीस मिनिटं बाकी होती, तरी मी तिला आत घेतलं. इंगवल्यांना ते कळलंच. “असे लाड केलेत तर बाहेर तगणार नाहीत त्या,” ते म्हणाले.

पाचव्या दिवशी तिनं चहा सोडला. सातव्या दिवशी ती आत यायलाच तयार होईना. “घरात कोंदट वाटतं हो,” म्हणाली.

नवव्या दिवशी सकाळी वाफ्यात वीत-वीत अंतरावर रोपं लावली. मधोमध मालन, गुडघ्यापर्यंत. माती मीच दाबली. इंगवल्यांनी माझी सही घेतली आणि मूळ धरलं की कळवायला सांगितलं.

आता मी रोज वाफ्याशी स्टूल टाकून बसतो. एकवीस वर्षांचा संसार. घर खायला उठतं, हे तिला सांगतो. ती ऐकते की नाही, कळत नाही. परवा तिचे ओठ हलले. मला इतका आनंद झाला, की मी उठून थेट तिच्यासमोर जाऊन उभा राहिलो.

“अहो,” ती म्हणाली, “जरा बाजूला सरका. ऊन अडतंय.”

मी सरकलो.