बेडकांची झोपमोड

अन्याय झाला तो आमच्या वर्गातल्या शोभावर, बी.एस्सी. दुसऱ्या वर्षाचा शेवटचा पेपर सुटला त्या दुपारी. लातूर जिल्हा झाला, नव्या कचेरीला दप्तर ठेवायला जागा पाहिजे झाली, आणि आमच्या कॉलेजच्या जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेला कुलूप लागलं. तिथं दुसऱ्या दिवसापासून शोभाचं उन्हाळी संशोधन सुरू होणार होतं. निषेधाचं पत्रक मी लिहिलं, मीच वाटलं. लोकांनी त्यात शेंगदाणे बांधून नेले. आता ओरडायचाही कंटाळा आलाय, म्हणून जीवशास्त्र शिकवणाऱ्या बिराजदार सरांबद्दल सांगतो.

बिराजदार सर बेडकांना अहो-जाहो करतात. आम्हाला ‘ए गाढवा’, प्राचार्यांना ‘ते तुमचे साहेब’, आणि बेडकाला ‘अहो, जरा सरकता का?’ दर उन्हाळ्यात आटत्या तळ्यातून ते बेडूक आणतात आणि मडक्यांतल्या ओल्या मातीत ठेवतात. बेडूक खाली शिरतात आणि पाऊस येईपर्यंत झोपतात. ज्याचं संशोधन असेल त्यानं रोज मडक्याचं वजन करायचं, पाणी शिंपडायचं, काय दिसलं ते लिहायचं. काहीच दिसत नाही. तेही लिहायचं. कुणी वैतागलं की सर म्हणतात, ‘सबूर!’

टँकरच्या रांगेतही त्यांचं तेच. ‘सबूर!’ म्हणत सगळ्यांना पुढं सोडतात आणि रिकामी घागर घेऊन घरी येतात. मग आंघोळ बुडते. बेडकांचं शिंपण बुडत नाही. सरांच्या शेजारी बसलेल्याला हे सांगावं लागत नाही.

प्रयोगशाळा बंद झाली आणि शोभाला बघायला पाहुणे येऊन गेले. आमच्याकडं सुट्टीत मोकळी दिसलेली मुलगी जूनमध्ये परत कॉलेजात दिसत नाही. सरांना हे कळलं तशी त्यांनी मडकी हातगाडीवर रचली, गाडी मला ढकलायला लावली आणि भर उन्हात शोभाचं घर गाठलं.

‘शरणार्थ, शिवप्पा. बेडूक आणलेत.’

शोभाचे वडील दुकानातून उठून आले. ‘सर, हितं? घरात लगीन काढायलाव आम्ही.’

‘काढा की. पाऊस पडल्यावर काढा. आता हे झोपलेत. वाजंत्री वाजली की जागे होतात. पोरीचं संशोधन मातीत जातंय.’

‘मग वाजंत्री न्हाई लावत.’

‘मांडवाचे खांब ठोकणार का न्हाई? जमीन हादरती.’

‘बेडकांपायी लगीन थांबवू? लोक काय म्हणतील?’

आतून शोभाची आई म्हणाली, ‘लोकाला काय म्हणायचं ते म्हणू द्या. पाव्हण्यांच्या अंघोळीला पाणी कुठनं आणताव, त्ये सांगा आदी.’

शिवप्पा म्हणाले, ‘ठिवा वसरीवर. पर पाऊस पडंपर्यंतच.’

शोभानं पहिलं मडकं उचललं. सर वाकून मडक्याला म्हणाले, ‘अहो, आता घाई करू नका.’

परतताना मी विचारलं, ‘सर, वाजंत्रीनं खरंच जागे होतात?’

‘माहीत न्हाई. कुणी बघितलंय? शोभाला सांगितलंय बघायला.’

मी हसलो. सर हसले नाहीत. रिकाम्या गाडीच्या दांडीला हात लावून चालत राहिले.

‘माझी बहीण मॅट्रिकला शाळेत पहिली आली होती,’ ते म्हणाले. ‘हुशार. माझी गणितं तीच सोडवायची. त्या उन्हाळ्यात माझ्याकडं बेडूक नव्हते.’

मी ओठांवर आलेलं ‘सबूर’ गिळलं.

एका घराच्या ओसरीवर एका मुलीचं भागलं. दर वर्षी हातगाडी कुठं कुठं न्यायची? तेव्हा वाचणाऱ्यांनो, हा कागद शेंगदाण्याला वापरू नका. नव्या कचेरीत जा आणि आमच्या खोलीची किल्ली मागा. ती मिळेपर्यंत, तुमच्या घरात शिकती मुलगी असेल तर ओसरीवर एका मडक्यापुरती जागा करा, आणि वाजंत्रीवाल्याला ‘नाही’ म्हणून आजच कळवा.