शेवटची सोळा पानं

"या सुट्टीत सातवीचं एकूण एक मूल पुस्तक वाचणार! पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत! नाही वाचलं, तर कपाटांच्या किल्ल्या तुमच्या टेबलावर आणून ठेवीन!"

शाळेच्या ग्रंथालयाच्या बाईंनी हे मुख्याध्यापकांना इतक्या खणखणीत आवाजात सांगितलं, की बाहेर पेंगणाऱ्या शिपायाने सवयीने घंटेकडे हात नेला. मुख्याध्यापक मात्र हलले नाहीत. मागच्या सुट्टीत वाटलेली पुस्तकं इतकी करकरीत परत आली होती, की दुकानदाराने ती नवी म्हणून पुन्हा विकली असती.

"वाचतील कशी?"

"वाचल्यावाचून राहवणारच नाही, सर. मी शेवट काढून घेतलेत."

"म्हणजे फाडलेत?"

"छे! सोडवलेत!"

आणि ते खरंच होतं. अडतीस मुलं, अडतीस गोष्टींची पुस्तकं. सगळी एकाच मालेतली, एकाच मापाची, बरोबर एकशे अठ्ठावीस पानांची. बाईंनी प्रत्येकातला शिलाईचा दोरा उसवून शेवटची सोळा पानं अलगद बाहेर काढली आणि खाकी पाकिटात घालून डिंकाने चिकटवली. एकशे बारा पानं वाचायची, बुधवारी सकाळी ग्रंथालयाच्या खिडकीशी यायचं, पाकीट न्यायचं. गोष्ट ऐन रंगात आली की पोर धावत येणार, यात बाईंना तिळमात्र शंका नव्हती.

पाकिटांवर त्यांनी काय लिहिलं? मुलांचे हजेरी क्रमांक. पुस्तकांची नावं नाहीत, कुणाला कुठलं दिलं याची नोंदही नाही. बावीस वर्षं त्या सगळं हजेरी क्रमांकानेच लावत आल्या होत्या. जमलं असतं तर त्यांनी नवऱ्यालाही क्रमांक दिला असता.

आता सातवीतली मुलं पुस्तकं घेऊन शाळेच्या फाटकाबाहेर पडल्यावर पहिल्यांदा काय करतात, हे बाई सोडून सगळ्या जगाला ठाऊक आहे. अदलाबदल! "तुझ्यात भूत आहे? मग माझा घोडा घे!" पाच मिनिटांत अडतीसपैकी एकही पुस्तक मूळ मालकाकडे राहिलं नाही.

पहिल्या बुधवारी अकरा पाकिटं गेली. बाई तरंगतच घरी आल्या. गुरुवारी सकाळी फोन वाजू लागला.

"बाई, माझ्या पुस्तकात एकशे बाराव्या पानावर पोलीस दार उघडतात आणि आत उभा असतो..."

"मग?"

"मग एकशे तेराव्या पानावर तो तीन बादल्या पाणी पिऊन झोपतो. आणि शर्यत जिंकतो!"

दुसऱ्याची राजकन्या थेट पाणबुडीत निघाली होती. तिसऱ्याची तक्रारच नव्हती. "भारी शेवट आहे, बाई! चोर सापडतच नाही! पुस्तकात कुणाच्या लक्षातही राहत नाही की चोरी झाली होती!"

बाईंनी कपाळाला हात लावला. पण खरी गोची निराळीच होती. कुणीही म्हणेल, त्यात काय, पान बघायचं आणि हे अमक्या पुस्तकाचं म्हणून सांगायचं. शाळेत तर मुलं पैजेवर सांगत, की आपल्या बाईंनी त्या खोलीतलं प्रत्येक पुस्तक वाचलंय. बाईंनी ही समजूत कधी पसरवली नव्हती. फक्त बावीस वर्षं खोडून काढली नव्हती. पुस्तकं मोजणं, शिक्के मारणं, वाळवी शोधणं, कव्हरं घालणं यात दिवस सरत. आत काय आहे हे बघायला सवड कुणाला होती?

तेवढ्यात अकरावा फोन आला. ही सातवीतली एक मुलगी. तिचं प्रत्येक वाक्य 'पण'ने सुरू होई, म्हणून वर्ग तिला 'पण' म्हणूनच हाक मारी.

"पण बाई, मला नावाड्याचं पुस्तक मिळालंय आणि शेवट भुताचा. मी आजोबांना वाचून दाखवतेय ना. त्यांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालंय, पट्टी आहे. ते कालपासून विचारतायत."

मागून एक घोगरा आवाज आला, "दे इकडे. बाई, तो नावाडी औषध आणायला पलीकडे गेलाय, नदीला पूर आलाय, लेक काठावर उभी आहे. एवढंच सांगा, येतो का हो परत?"

बाईंना तो नावाडी कोण, नदी कुठली, काही ठाऊक नव्हतं. पण म्हाताऱ्या माणसाला आणि तेही पट्टी बांधलेल्याला नाही कसं म्हणायचं?

"येतो की! अगदी वाजतगाजत येतो!"

पलीकडून "बरं," एवढंच आलं.

"अगं, पुस्तक वाचलंस तरी कधी तू?" नवऱ्याने वर्तमानपत्राआडून विचारलं.

"तुम्ही गप्प बसा!"

दुपारपर्यंत बाईंना युक्ती सुचली. त्यांनी अडतीस घरी फोन केले. "पाकिटं मी मुद्दामच बदलली होती! कोडं होतं ते! शनिवारी पुस्तक घेऊन माझ्या घरी या. आपली गोष्ट सांगा, आपला शेवट शोधा!"

शनिवारी बाईंच्या तीन खोल्यांत अडतीस मुलं शिरली. कॉटवर नऊ, जिन्यावर सात, शिलाई मशीनखाली दोन. मधोमध फोडलेल्या पाकिटांचा ढीग, उरलेली सत्तावीसही बाईंनी आणून फोडली होती. "माझ्यात आंधळा माणूस आहे, आंधळा कुणाकडे?" "माझ्याकडे! पण माझा आता बघू शकतो!" "मग तो माझाच शेवट आहे गाढवा, दे इकडे!" दूध उतू गेलं, चपलांच्या जोड्या फुटल्या, बाईंचे यजमान पाणबुडीच्या गोष्टीत असे अडकले की त्यांना जागचं उठवता येईना.

आणि मग हळूहळू आवाज बसत गेला. ज्याला शेवट सापडे तो मिळेल त्या कोपऱ्यात बसून वाचू लागे. चारच्या सुमारास घरात फक्त पानं उलटल्याचा आवाज येत होता. बाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहून बघत राहिल्या. असं दृश्य त्यांच्या ग्रंथालयात बावीस वर्षांत दिसलं नव्हतं. तिथे त्या सतत 'शांतता राखा' म्हणत असत.

'पण' समोर येऊन उभी राहिली. हातात सोळा पानं. डोळे लाल.

"पण बाई, तो येत नाही."

"कोण?"

"नावाडी. रिकामी होडी येते वाहत. लेक वल्हं हातात घेते आणि सकाळी तीच लोकांना पलीकडे नेते. पण तुम्ही तर म्हणालात..."

बाईंना शेवटची पळवाट दिसत होती. ही दुसरी आवृत्ती असेल म्हणावं. पोर विश्वास ठेवील, सगळे ठेवतात. त्यांनी तोंड उघडलं, आणि भलतंच बाहेर पडलं.

"मी नाही वाचलं ते पुस्तक. यातलं एकही नाही वाचलेलं."

जिन्यावरची सात डोकी वर झाली. शिलाई मशीनखालून कुणीतरी हळूच म्हणालं, "एकही?"

"एकही," बाई म्हणाल्या. कानाच्या पाळ्या तापल्या होत्या.

'पण'ने हातातली सोळा पानं नीट जुळवली. "पण मग आजोबांना आता काय सांगायचं? ते वाजतगाजतची वाट बघतायत."

"मी येते. मीच सांगते."

दोन गल्ल्या सोडून त्यांचं घर होतं. आजोबा खुर्चीत, डोळ्यांवर पांढरी पट्टी, चेहरा आवाजाच्या दिशेने. बाईंनी उभ्या उभ्याच सांगून टाकलं. नावाडी येत नाही. मी थाप मारली. मी वाचलंच नव्हतं.

"ते मला फोनवरच कळलं," आजोबा म्हणाले.

"कसं?"

"अहो, एकशे बारा पानांत तो माणूस मोजून चार वाक्यं बोलतो. तो वाजतगाजत कसा येईल? आला असता तर गुपचूप होडी बांधून चुलीपाशी बसला असता." त्यांनी बाजूची खुर्ची चाचपून पुढे सरकवली. "बसा. नातीचा घसा बसलाय. शेवट तुम्ही वाचा."

"मला सुरुवात माहीत नाही हो."

"मग सुरुवातीपासून वाचा. मला कुठे जायचंय?"

बाईंनी पुस्तक उघडलं. पहिल्या ओळीला आवाज सभेत बोलल्यासारखा लागला.

"पण बाई, एवढ्या मोठ्याने नाही. आणि स्वल्पविरामाला थांबायचं असतं."

बाई स्वल्पविरामाला थांबल्या. पहाटेची नदी आली, होडी आली, वडिलांचं जेवण फडक्यात बांधून धावणारी लेक आली. पाचव्या पानावर बाईंनी चष्मा पुसला. नवव्यावर खुर्ची पुढे ओढली. पुढे काय होणार हे ठाऊक असूनही प्रत्येक पानाला त्यांना वाटत होतं, आज पूर येणार नाही. एकविसाव्या पानावर 'पण'ने पुस्तक त्यांच्या हातातून काढून घेतलं.

"आता पुरे. आजोबांची औषधाची वेळ झाली."

"अगं, लेक होडीत चढलीय! वल्हं हातातून सुटलंय! एवढं एकच पान!"

"उद्या."

"अर्धं?"

"नाही म्हणजे नाही," 'पण' म्हणाली आणि पुस्तक फळीवर सगळ्यात वर ठेवलं, जिथे बाईंचा हात पोहोचत नव्हता.